किती त्याग केला म्हणजे पुरे?

पत्र, थोडक्यात: मी घरातली मोठी मुलगी. वडील नाहीत, आई माझ्याजवळ असते. धाकटा भाऊ जुगारात पैसे घालवतो, उधारी करतो आणि दर वेळी माझ्या दारात येतो. त्याची देणी फेडता फेडता माझे दागिने गेले, बचत संपली. आता त्याच्या हप्त्यासाठी मी स्वतःच्या थायरॉइडच्या गोळ्याही बंद केल्या आहेत. या वेळी मी नाही म्हणाले, तर प्रार्थनागटातल्या वडीलधाऱ्यांनी सुनावलं, ‘ख्रिस्तानं तुझ्यासाठी रक्त सांडलं आणि तू पैशांचा हिशोब करतेस? आपला वधस्तंभ उचल.’ तेव्हापासून झोप नाही. देव जर दयाळू आहे, तर क्षमा करायला त्याला रक्त कशाला लागलं? आणि माझ्याकडून किती त्याग झाला म्हणजे पुरे? — एक बहीण

प्रिय भगिनी,

आधी गोळ्यांचं. थायरॉइडची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नसतात. पुढचं वाचण्याआधी त्यांची वेळ घ्या. राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून एकदम जास्त घेऊ नका. पुन्हा किती मात्रेनं सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता तुमचा पहिला प्रश्न. तो अवघड म्हणून बाजूला ठेवायचा नाही, कारण दुसऱ्याचं उत्तर त्यातूनच निघतं. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यामागे एक चित्र आहे. देव रागावलेला आहे, त्याला काहीतरी देऊन शांत करायचं असतं, ख्रिस्तानं सर्वांत मोठी किंमत दिली आणि आता आपणही देत राहायचं. पवित्र शास्त्रातलं बलिदानाचं चित्र हे नाही. तिथे देणारा आधी देव असतो.

लेवीयच्या पुस्तकातले नियम नीट वाचले की हे दिसतं. पहिल्या सात अध्यायांत पाच प्रकारची अर्पणं आहेत: होमबली, अन्नबली, शांत्यर्पण, पापबली आणि दोषबली. पाचांपैकी अन्नबलीत रक्तच नाही, ते पिठाचं अर्पण. शांत्यर्पणात चरबी वेदीवर जायची, ऊर आणि उजवी मांडी याजकाला आणि उरलेलं मांस अर्पण करणाऱ्याच्या घरी. उपकारस्तुतीसाठी ते अर्पण केलं असेल तर त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत उरवायचं नाही. म्हणजे या बलिदानाचा शेवट जेवणाच्या पंगतीत होत असे. प्रत्येक अर्पण म्हणजे नुसतं गमावणं, ही समजूत इथेच गळून पडते.

पापबलीचा नियम तर तुमच्यासाठी मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पाचव्या अध्यायात काही पापांसाठी कोकरू किंवा बकरी आणायला सांगितलं आहे. लगेच पुढे म्हटलं आहे की कोकराची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावीत. तेवढीही ऐपत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटरच्या मापाचं पीठ. त्यावर तेल नको, धूप नको. याजकानं त्यातलं मूठभर वेदीवर जाळायचं आणि त्या माणसाला क्षमा होते. कोकरू आणणाऱ्याला जी क्षमा, तीच पीठ आणणाऱ्याला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायातलं ‘रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही’ हे वाक्य अनेकांना पाठ असतं, पण त्याच वचनाची सुरुवात नियमशास्त्राप्रमाणे ‘बहुतेक’ सर्व गोष्टी रक्तानं शुद्ध होतात, अशी आहे. ‘बहुतेक’ म्हणायला जागा ठेवणारा नियम म्हणजे हे पीठ. माणसाच्या ऐपतीबाहेरचं मागायचं नाही, हे बलिदानाच्या कायद्यातच लिहून ठेवलेलं आहे. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा मरीया आणि योसेफ यांनीही गरिबाचं अर्पणच केलं, पक्ष्यांची जोडी. लूकनं दुसऱ्या अध्यायात तशी नोंद केली आहे.

मग रक्त का? लेवीय 17:11 सांगतं की प्राण्याचा जीव रक्तात असतो आणि ते रक्त वेदीवर प्रायश्चित्तासाठी ‘मी तुम्हाला दिलं आहे’. बोलणारा देव आहे. रक्त माणसानं देवाला चारलेलं खाद्य नाही. पापानं जीव जातो, नाती मरतात, हे गंभीर वास्तव न झाकता परत येण्याची वाट देवानं स्वतः दिली, असा त्याचा अर्थ. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक ते रक्त परमपवित्र स्थानातल्या, म्हणजे गाभाऱ्यातल्या, दयासनावर शिंपडत असे. दयासन म्हणजे कराराच्या कोशावरचं, देवाच्या आज्ञा ठेवलेल्या पेटीवरचं, शुद्ध सोन्याचं झाकण, अडीच हात लांब आणि दीड हात रुंद. रक्त आणि दया एकाच जागी भेटत, एकमेकांच्या विरोधात नव्हे.

नव्या करारात हीच दिशा टोकाला जाते. रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय म्हणतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला आणि त्यात देवानं आपली प्रीती दाखवली. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की ख्रिस्तामध्ये देवच जगाचा स्वतःशी समेट करत होता. पिता रागावून बसला आहे आणि पुत्र त्याची समजूत घालतो आहे, असं तिथे काही नाही. वधस्तंभानं देवाची दया विकत घेतली गेली नाही. दया आधीच होती, म्हणून वधस्तंभापर्यंत येणं झालं. मंडळीनं वधस्तंभाचं कार्य अनेक तऱ्हांनी समजावलं आहे. पूर्वेकडच्या मंडळ्या मृत्यूवरच्या विजयावर भर देतात. 11व्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित अँसेल्म यांनी मांडणी केली ती देवाच्या मानाला झालेल्या हानीच्या भरपाईची. 16व्या शतकातल्या सुधारकांनी आपल्या जागी सोसलेल्या शिक्षेवर बोट ठेवलं. 325 आणि 381 सालच्या परिषदांतून आलेला मतांगीकार, म्हणजे मंडळीच्या विश्वासाची जाहीर कबुली, मात्र ‘आमच्यासाठी’ आणि ‘आमच्या तारणासाठी’ एवढंच ठामपणे म्हणतो आणि यंत्रणा बांधून देत नाही. कुणी एकच स्पष्टीकरण तुमच्यावर लादून त्याच्या जोरावर पैसे मागत असेल, तर तो मंडळीच्या विश्वासापेक्षा जास्त बोलतो आहे.

इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतो: ख्रिस्ताचं अर्पण एकदाच, सर्वकाळासाठी झालं. याजक दररोज उभे राहून तेच यज्ञ करत, ख्रिस्त मात्र एकच यज्ञ करून बसला. पवित्र मिस्सा हे बलिदान आहे असं कॅथॉलिक मंडळी मानते, पण तीही त्याला दुसरं, वेगळं बलिदान समजत नाही. तेच एक अर्पण तिथे उपस्थित होतं, अशी तिची शिकवण आहे. त्यामुळे ‘किती त्याग म्हणजे पुरे’ या प्रश्नाला विश्वासाचं उत्तर सरळ आहे. तुमच्या किंवा तुमच्या भावाच्या पापासाठी तुमच्याकडून भरायचं काहीही बाकी नाही. तुम्ही भावाचा तारणारा नाही, आणि ती जागा रिकामीही नाही.

मग विश्वासणाऱ्याकडून काय मागितलं जातं? होशेय 6:6 मध्ये देव म्हणतो की मला यज्ञ नको, दया हवी. येशूनं हे वचन मत्तयच्या शुभवर्तमानात दोनदा उच्चारलं आहे. पहिल्यांदा नवव्या अध्यायात, जकातदारांबरोबर जेवायला बसल्याबद्दल परूशी, म्हणजे धर्मनियमांबाबत काटेकोर असलेला गट, कुरकुर करत होते तेव्हा. दुसऱ्यांदा बाराव्यात, भुकेल्या शिष्यांनी शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी कणसं मोडली तेव्हा. दोन्ही ठिकाणी धर्माच्या नावानं माणसाच्या गरजेवर बोट रोखलं गेलं होतं, आणि दोन्ही वेळा येशू गरजेच्या बाजूनं उभा राहिला. औषध सोडलेली बाई ही गरज आहे. तुमच्यावर दया करणं हाही त्या वचनाचाच भाग आहे.

रोमकरांस 12:1 मध्ये पौल शरीर ‘जिवंत यज्ञ’ म्हणून अर्पायला सांगतो, आणि हे वाक्य तुमच्यावर वापरलं जाईल म्हणून त्याचा क्रम लक्षात ठेवा. आधीचे 11 अध्याय देवानं काय केलं ते सांगण्यात गेले आहेत. मग ‘देवाच्या करुणेमुळे’ अशी विनंती येते. दया आधी, अर्पण नंतर. क्रम उलटला, म्हणजे दया मिळावी म्हणून अर्पण करायला निघालो, की ते अर्पण संपतच नाही. कारण किती दिलं म्हणजे देव प्रसन्न होईल, हे मोजायचं माप माणसाकडे नसतं. तुमची झोप उडाली आहे ती या उलट्या क्रमामुळे. दुसरी बिघाडाची जागा प्रीतीची. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात म्हटलं आहे की सगळी मालमत्ता वाटली आणि प्रीती नसली तर काही लाभ नाही. भावाचं नाव फोनवर दिसलं की अंग आवळून येत असेल, तर पैसे प्रीतीतून जात नाहीत, भीतीतून जातात.

वधस्तंभ उचलण्याचं वचन मार्क 8:34 मधलं आहे. येशू म्हणतो, ज्याला माझ्यामागे यायचं आहे त्यानं स्वतःचा वधस्तंभ उचलावा, आणि पुढच्याच वचनात कारण सांगतो: माझ्याकरता आणि सुवार्तेकरता. दुसऱ्याच्या व्यसनाचा हप्ता त्यात बसत नाही. शुभवर्तमानांत दुसऱ्याच्या खांद्यावर जबरदस्तीनं वधस्तंभ ठेवला जातो तो एकदाच, कुरेनेच्या शिमोनाच्या, आणि ते काम सैनिकांनी केलं. स्वतः येशूनंही समोर आलेला प्रत्येक छळ स्वीकारला नाही. नासरेथमध्ये लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला. मंदिरात दगड उचलले गेले तेव्हा तो तिथून निसटला. जीव दिला तो स्वतःहून. माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो, असं योहान दहामध्ये त्यानं म्हटलंच आहे. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याचं ‘हो’ हे अर्पण होत नाही. ती फक्त वसुली असते.

आता पैसे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन अध्याय या बाबतीत सर्वांत उपयोगी आहेत, कारण तिथे पौल खरोखर वर्गणी गोळा करतो आहे, यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी. त्यात तीन मापं आहेत. जवळ असेल त्या मानानं द्यावं, नसेल त्या मानानं नाही. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओढाताण, असं होऊ नये. आणि प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी होऊन किंवा बळजबरीनं नव्हे. हिशोब करणं म्हणजे अविश्वास, असं म्हणणाऱ्यांना ही वचनं दाखवा. खुद्द प्रेषित हिशोब करायला सांगतो आहे.

तेव्हा एका कागदावर मांडा. वर घरभाडं, आईचा खर्च, तुमचं औषध आणि तपासण्या, तुमची स्वतःची देणी, आणि अडीअडचणीसाठी लहानशी राखीव रक्कम. आईचा भाग पहिल्याच ओळीत. मार्कच्या सातव्या अध्यायात येशूचा राग याच गोष्टीवर आहे: ‘हे देवाला वाहिलं’ असं म्हणून लोक आईबापांच्या हक्काचं अडवून ठेवत. ‘हे भावासाठी त्याग’ असं म्हणून आईच्या औषधपाण्याला कात्री लागणंही त्यातलंच. या सगळ्यानंतर काही उरलं, तर त्यातला किती भाग तुम्ही महिनाभर मनात कुढत न बसता देऊ शकता, तो आकडा लिहा. तो शून्य असू शकतो. शून्य हे प्रामाणिक उत्तर आहे.

शून्यापेक्षा जास्त असला तरी भावाच्या हातात रोकड देऊ नका आणि जुगाराची देणी फेडू नका. जुगारात फेडलेलं देणं म्हणजे पुन्हा उधार मिळण्याची पत. संकट टळतं, सवय मात्र तशीच राहते, आणि दर वेळी डाव मोठा होतो. म्हणून आजवरच्या तुमच्या पैशानं तो वाचला नाही. तुम्ही कमी दिलंत म्हणून नव्हे. मदत करायची तर थेट करा: समुपदेशकाची फी त्यांच्याच खात्यात, प्रवासाचं तिकीट काढून, घरचं जेवण. त्याच्या कर्जाला जामीन राहू नका. आधीच सही केली असेल तर वकिलाला कागद दाखवून बाहेर पडायची वाट शोधा. नीतिसूत्रांचा सहावा अध्याय जामीन राहिलेल्याला हेच सांगतो: झोप घेऊ नकोस, हरिण शिकाऱ्याच्या हातून सुटतं तसा सुटून जा.

त्याच्याशी बोलताना, तो पैसे मागायला आलेला असतो ती वेळ टाळा. तुम्ही ठरवलेल्या वेळी, दोघांचा विश्वास असलेल्या एखाद्या माणसासमोर बोला. मोजकं बोला. ‘आजवर दिलेले पैसे मी मागणार नाही. यापुढे रोख देणार नाही आणि देणी फेडणार नाही. तू व्यसनमुक्तीसाठी जाणार असशील तर पहिल्या दिवशी मी बरोबर येईन. जेवायला केव्हाही ये.’ जुन्या प्रसंगांची यादी काढू नका, ती काढली की भांडण पैशांवरून मानापमानावर जातं. ‘ही शेवटची वेळ’ असंही म्हणू नका, त्यातून त्याला आणखी एक वेळ मिळते. सगळ्यात जास्त वेळा हे फसतं ते दोन आठवड्यांनी, आई गुपचूप काही देते तेव्हा. म्हणून आईशी आधी बोला आणि तिच्या नावावरचे कागद, पासबुक, कार्ड जागच्या जागी आहेत ना ते बघा. तो जीव देण्याची भाषा बोलला तर ती खरी धरा: त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांना किंवा तातडीच्या सेवेला कळवा. त्यावर उपाय म्हणून पैसे मात्र देऊ नका. तो अंगावर धावून आला तर एकटीनं भेटणं बंद करा.

मागचं देणं सोडून देणं ही दया आहे आणि ती तुम्ही आजच करू शकता. त्याची परतफेड मात्र पश्चात्तापाच्या बाजूनं यावी लागते. दोषबलीच्या नियमात ज्याचं बुडवलं त्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा आधी द्यायचा आणि मगच वेदीकडे मेंढा आणायचा. जकातदार जक्कयकडे येशूनं पैसे मागितले नव्हते, चौपट परत करण्याचं तो स्वतः बोलला. भाऊ कधी थोडेसे पैसे परत करायला आला तर ‘राहू दे’ म्हणू नका, घ्या. परत करणं त्याला बरं करतं.

वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. एकमेकांची ओझी वाहा, ही गलतीकरांस पत्रातली आज्ञा साऱ्या मंडळीला आहे, एकट्या बहिणीला नाही. तीन वचनांनीच पुढे त्याच अध्यायात प्रत्येकानं आपला भार वाहावा असंही आहे: भावाची कमाई, त्याची उपस्थिती, त्याचा निर्णय हा त्याचा भार. गटाला विचारा, आठवड्यातून एक दुपार आईजवळ कोण बसेल? भावाबरोबर समुपदेशकाकडे कोण जाईल? कोणीच पुढे आलं नाही, तर त्यांच्या सल्ल्याचं वजन तुम्हाला कळेल. अशा वेळी पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी एकांतात बोला. मनात साठलेला कडवटपणाही त्यांच्यापाशी बोलून टाका. थकव्यातून आलेल्या रागाला दुष्टपणा समजू नका, स्तोत्रांमध्ये देवापुढे याहून कडक तक्रारी आहेत.

आणि तो खरोखर परतला तर? लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत, धाकटा मुलगा सगळं उधळून परतला तेव्हा बाप धावत गेला, झगा, अंगठी, जोडा दिला, मेजवानी केली. क्षमा अर्धी नव्हती. पण घरी राहिलेल्या थोरल्या मुलाला त्यानं सांगितलं, ‘माझं आहे ते सगळं तुझंच आहे.’ वाटणी पुन्हा झाली नाही. तुम्हीही तसंच करा. पहिल्या दिवशी त्याला ताटावर बसवा आणि पैशांचा विषय काढू नका. आईचं खातं आणि तुमचं खातं मात्र तेव्हाही तुमच्याच हातात ठेवा. त्याच्या हाती व्यवहार द्यायचा की नाही, हे समुपदेशकाला विचारून, सावकाश, लहान रकमेपासून ठरवा.